दीडशे रुपयांचा चाकू

स्वस्त चाकूबद्दल आपल्याकडे दोन मतं ठाम आहेत. एक, असले चाकू कापत नाहीत, चेपतात. दुसरं, चाकूवर कशाला पैसे घालायचे. दोन्ही मतं एकाच घरात, बरेचदा एकाच माणसाच्या तोंडी असतात, आणि म्हणून त्या घरात टोमॅटो दातेरी सुरीने कापला जातो.

मला खिशात मावणाऱ्या, मिटणाऱ्या, कमी किमतीच्या चाकूंचा नाद आहे. नाद म्हटलं की लोकांना काचेचं कपाट दिसतं. तसलं काही नाही. माझे चाकू बिस्किटांच्या जुन्या डब्यात असतात आणि सगळे कामाचे आहेत. पेरू कापणं, कुरियरची खोकी फोडणं, गच्चीतल्या जास्वंदीचे शेंडे छाटणं, प्रवासात कांदा-काकडी चिरणं. बायकोच्या मते एवढ्या कामाला एक चाकू पुरतो. तिचं बरोबर आहे.

पुण्यात हे चाकू धुंडाळायच्या दोन जागा. रविवार पेठेतली बोहरी आळी आणि बुधवार-रविवारी भरणारा जुना बाजार. बोहरी आळीत हार्डवेअरच्या दुकानात "मिटणारा चाकू आहे का" असं विचारलं की दुकानदार आधी तुमच्या तोंडाकडे बघतो, मग आतल्या पोऱ्याला हाक मारतो. पोऱ्या एक खोकं आणून काउंटरवर पालथं करतो. त्यातून काय निघेल ते साधारण ठरलेलं आहे. स्विस चाकूची लाल नक्कल, जिच्यात कात्री, बूच काढायचा स्क्रू आणि करवत असते आणि त्यातलं एकही अवजार पूर्ण उघडत नाही. काळा रंग मारलेला, पात्याला विनाकारण भोकं पाडलेला चिनी चाकू, ज्याच्याकडे बघून बारावीतली पोरं खूश होतात. लाकडी मुठीचा, पितळी रिबिटांचा साधा चाकू. आणि नशीब असेल तर झाडांची कलमं करायचा चाकू. भाव दीडशेपासून चारशेपर्यंत. जुन्या बाजारात मूठ फुटलेले, गंजलेले तुकडे मिळतात. क्वचित एखाद्यावर इंग्लंडातल्या शेफील्डचा किंवा जर्मनीतल्या झोलिंगनचा, म्हणजे चाकूंसाठी नावाजलेल्या गावांचा, ठसा दिसतो. ठशावर भुलू नये. ठसा मारणं हे चाकू करण्यापेक्षा पुष्कळ सोपं काम आहे. पण जुनं पातं खरंच हातात आलं तर एक गोष्ट लगेच जाणवते, ते पातळ असतं.

मला जे काय सांगायचं आहे ते एवढ्याच गोष्टीभोवती आहे. स्वस्त चाकू वाईट निघतो तो बहुतेक वेळा त्याच्या पोलादामुळे नाही, जाडीमुळे. आणि जाडी घरी कमी करता येते.

गाजरावर हे सहज कळतं. दाढी होईल इतकी धार लावलेला पण जाड पात्याचा चाकू घ्या आणि जाडजूड गाजर आडवं कापा. कड आत शिरते, अर्ध्यापर्यंत जाते आणि मग टक असा आवाज होऊन गाजर फुटतं. पुढचा अर्धा भाग कापला गेलेला नसतो, पाचर ठोकल्यावर लाकूड फुटतं तसा तो फाकलेला असतो. कापाची सुरुवात धार करते. बाकीचं सगळं धारेच्या मागची जाडी ठरवते. लोक मात्र दोष देतात लोखंडाला, "स्वस्तातलं होतं, असंच निघणार," म्हणून.

कारखानदार मूर्ख असतो म्हणून पातं जाड ठेवतो असंही नाही. पातळ घासायचं म्हणजे चाकावर जास्त वेळ, जास्त वेळ म्हणजे जास्त उष्णता, पातं वाकण्याची भीती, आणि दीडशे रुपयांत हा वेळ बसत नाही. शिवाय गिऱ्हाईक त्या चाकूने रंगाचे डबे उघडणार आहे, स्क्रू फिरवणार आहे, हे त्याला ठाऊक असतं. पातळ कड पहिल्याच डब्याला तुटेल आणि चाकू दुकानात परत येईल. जाड चाकू कापत नाही, पण परतही येत नाही.

हे मला पुस्तकातून नाही, द्राक्षबागेत कळलं. आमच्या काकांची बाग निफाड तालुक्यात. द्राक्षात आता थेट वेल लावत नाहीत. आधी जंगली खुंट लावतात. बहुतेक ठिकाणी डॉगरिज, कारण तो पाण्याचा ताण आणि क्षार सोसतो. मग पावसाळा सरत आला की त्या खुंटावर हव्या त्या वाणाची काडी भरतात. खुंट आडवा कापायचा, मधोमध चीर द्यायची, काडीचं बूड दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची, ती चिरेत बसवायची आणि पट्टी आवळून बांधायची. सालीच्या लगेच आत जो हिरवा थर असतो तो खुंटाचा आणि काडीचा एकमेकांना भिडला तर कलम धरतं. भिडायला काप सपाट हवा, आणि सपाट काप एकाच झटक्यात येतो. दोनदा घासून आणलेल्या कापाला पोट सुटतं, मध्ये फट राहते आणि काडी वाळून जाते.

हे काम करणाऱ्या टोळ्या असतात, मजुरी कलमामागे. आमच्याकडे येणाऱ्या टोळीच्या मुकादमाकडे कृषी सेवा केंद्रातून घेतलेला मिटणारा कलम चाकू होता, आमच्या किराणावाल्याकडच्या केळीच्या घडापेक्षाही स्वस्त. नवा चाकू आणला की त्याची पहिली संध्याकाळ दगडावर जायची. कलम चाकूला धार एकाच बाजूने असते, दुसरी बाजू सपाट. ती सपाट बाजू काडीवर टेकून सरकते आणि काप सरळ नेते. दुकानातून आलेला चाकू मात्र त्या बाजूने खरा सपाट कधीच नसतो. कुठे पोट, कुठे खड्डा. मुकादम ती बाजू दगडावर आडवी टाकून घासत बसायचा. टोकापासून मुठीपर्यंत एकसारखी चकाकी आली की मगच दुसरी, उताराची बाजू हातात घ्यायचा.

"काप चमकला पाह्यजे," तो म्हणायचा. "काप पांढरा भुसभुशीत पडला का समजायचं, चाकूनं काडी चावली."

टोळी चहाला थांबली की आधी दगड, मग कप. तेवढ्या वेळात दोन-चार हात दगडावर, सपाट बाजूला अगदी हलका एक हात आणि मग कमरेच्या पट्ट्यावर चार-सहा उलटे फटके. धार गेल्यावर लावायची असते असं आपण समजतो. तो ती जाऊच देत नव्हता. मला त्या वयात चाकूपेक्षा त्याच्या शांतपणाचं कौतुक वाटायचं. इतकी माणसं खोळंबलेली असताना तो दगडावर घाई करत नसे. त्याने दुकानातून चाकू नव्हे, चाकूचा कच्चा माल आणला होता हे मला खूप नंतर उमगलं.

आपल्याकडे खिशातल्या चाकूला प्रतिष्ठा अशी नाहीच. त्याला एक कारण विळी. विळीवर पातं जागेवर राहतं आणि भाजी पात्याकडे येते. दोन्ही हात मोकळे, पाय पाटावर. ज्या घरात विळी आहे त्या घराला चाकूची गरज ओटा आल्यावरच पडली. दुसरं कारण रामपुरी. उत्तर प्रदेशातल्या रामपूरचा खटक्याचा चाकू हे कारागिरांचं चांगलं काम होतं, पण हिंदी सिनेमातल्या गुंडाने तो उघडताना असा काही आवाज केला की मिटणारा चाकू बाळगणारा माणूस म्हणजे कोण, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेलं. रामपूरने आता ते नाव अंगावर घेतलं आहे. २०२३ साली तिथल्या चौकात वीस फुटी चाकूच उभा केला. आपल्या लग्नात नवरदेवाच्या हातात कट्यार असते, तिच्या टोकाला लिंबू खोचलेलं, आणि ती एवढी बोथट असते की लिंबू खोचायला आधी सुरीने चीर द्यावी लागते. शस्त्राचा मान आहे, धारेचा नाही.

कायद्याचंही विचारून घेतलेलं बरं, कारण लोक घाबरतात. शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे, आणि त्यातूनही घरगुती, शेतीची, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामाची हत्यारं वगळलेली आहेत. पेरू कापायचा तीन इंची चाकू त्यात बसत नाही. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ३७व्या कलमाखाली मनाईचे आदेश निघतात तेव्हा सार्वजनिक ठिकाणी सुरे-चाकू बाळगायला बंदी असते, आणि सणासुदीला, निवडणुकांना असे आदेश निघतच असतात. खटक्याने उघडणारा चाकू मी घेत नाही आणि कुणाला सुचवतही नाही. गर्दीत, मोर्चात, मंदिराच्या रांगेत कुठलाच चाकू नेत नाही. विमानात तो चेक-इनच्या बॅगेत जातो. सुरक्षा तपासणीच्या त्या पारदर्शक पेटीत इतके चांगले चाकू पडलेले दिसतात की बघवत नाही.

स्वस्त आणि तरी पातळ, असं जगात कुणी केलंच नाही का? केलं आहे. फ्रान्समधल्या साव्हॉयचा ओपिनेल. हत्यारं घडवणाऱ्या घरातल्या जोसेफ ओपिनेलने १८९० साली तो पहिल्यांदा केला. १८९७ मध्ये १ ते १२ अशी मापं ठरली. मूठ बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची, तिला एक चीर, त्यात पातं. स्प्रिंग नाही. १९५५ पासून मानेपाशी एक फिरतं कडं आलं, ते वळवलं की पातं अडकतं. ८ नंबरचं पातं साडेआठ सेंटीमीटर. हा चाकू शेतकऱ्यांसाठी, गुराख्यांसाठी केला होता आणि फ्रान्समध्ये आजही तो दहा-पंधरा युरोंत मिळतो. आपल्याकडे पोचेपर्यंत ही किंमत बरीच फुगते आणि मग तो "स्वस्त" म्हणायला जीभ रेटत नाही. पण पातं बघा. पाठीपासून धारेपर्यंत सरळ निमुळतं, धारेच्या मागे जवळजवळ काहीच नाही. गाजराला पत्ताही लागत नाही.

पावसाळ्यात त्याची लाकडी मूठ फुगते आणि पातं आतच बसून राहतं. साव्हॉयमध्ये मुठीचं बूड एखाद्या कठीण वस्तूवर आपटून ते बाहेर काढतात. पुण्यात जुलैमध्ये मीही तेच करतो, आणि खालच्या मजल्यावरचे काका विचारतात की खिळे ठोकताय का. जवसाचं तेल मुठीला आणि सांध्याला पाजलं की हा त्रास पुष्कळ कमी होतो.

दुसरा जपानचा हिगोनोकामी. ह्योगो प्रांतातल्या मिकी गावात १८९० च्या दशकापासून होतो. पत्रा दुमडून केलेली मूठ, एक रिबिट आणि पाते. स्प्रिंग नाही, कडी नाही. पात्याच्या मागे एक छोटी शेपटी येते, ती अंगठ्याने दाबून धरायची, झाला चाकू. एके काळी जपानी शाळकरी पोरांच्या दप्तरात पेन्सिलीला टोक काढायला हाच असे. १९६० नंतर मुलांच्या हातात पाती नकोत अशी मोहीम तिथे सुरू झाली आणि हिगोनोकामी करणारे एकेक करून बंद पडले. ते नाव वापरायचा हक्क असलेला आता एकच कारखाना उरला आहे. आमच्या पिढीने पेन्सिलीला टोक अर्ध्या ब्लेडने काढलं. ते कागदात गुंडाळून कंपासपेटीत ठेवलेलं असायचं आणि कागदातून हमखास बाहेर आलेलं असायचं. मिटणारा चाकू त्यापेक्षा कितीतरी सुरक्षित होता, पण ब्लेडला सिनेमात कुणी बदनाम केलं नव्हतं.

आता पोलाद. चिनी चाकूंवर हल्ली ८सीआर१३एमओव्ही, ३सीआर१३ असं काहीतरी कोरलेलं असतं. पहिला आकडा कार्बनचा, म्हणजे ०.८ टक्के किंवा ०.३ टक्के, १३ म्हणजे सुमारे १३ टक्के क्रोमियम, ज्याने गंज लांब राहतो. कार्बन जास्त तर पाणी दिल्यावर, म्हणजे तापवून एकदम थंड केल्यावर, पातं जास्त कठीण होऊ शकतं. नुसतं "स्टेनलेस" लिहिलं असेल तर ते मऊ आहे असं धरून चालावं. आणि मऊ असलं म्हणून बिघडत नाही, हे माझं मत लोकांना पटत नाही. स्विस चाकू करणाऱ्या व्हिक्टोरिनॉक्सचं पातं कठीणपणा मोजायच्या रॉकवेल मापात ५५-५६ च्या आसपास असतं, म्हणजे हौशी लोकांच्या भाषेत मऊच, आणि त्या कंपनीने स्विस सैन्याला पहिले चाकू १८९१ मध्ये दिले तेव्हापासून त्यांचं काही अडलेलं नाही. मऊ पातं लवकर बोथटतं, पण दोनशे रुपयांच्या दगडावर पाच मिनिटांत परत येतं. आपटलं तर कड वाकते, तुटत नाही. ६० च्या पुढचं कठीण पोलाद बोथट झालं की त्याच दगडावर अख्खी दुपार खातं, आणि नवशिक्याला कळतच नाही की चूक हाताची की दगडाची. शिकायला मऊच चाकू घ्यावा.

साध्या कार्बन पोलादाचं पातं धार फार गोड घेतं, पण कैरीला लावलं की पाच मिनिटांत काळं पडतं आणि कैरीलाही लोखंडाचा वास लागतो. आजी विळी वापरून झाल्यावर लगेच पुसून कोरडी करायची, आणि फणस असेल तर आधी पात्याला खोबरेल लावायची. कार्बनच्या चाकूला तोच नियम. काळसर डाग पडले तर पडू द्यावेत, ते लाल गंजाला थोपवतात. घासून घासून चकचकीत करणाऱ्यांना मी काही बोलत नाही, पण मनात येतंच.

दगडाकडे वळतो, कारण खरी मजा तिथे आहे. हार्डवेअरच्या दुकानात दोन बाजूंचा काळा-करडा दगड मिळतो, एक बाजू भरड, एक बारीक. हा खाणीतला दगड नव्हे. अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचिसनने १८९१ मध्ये विजेच्या भट्टीत सिलिकॉन कार्बाइड केलं, त्याच कार्बोरंडमचा हा चुरा वीट करून भाजलेला असतो. दगडाला तेल लावायचं की पाणी यावर लोक भांडतात. मी पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकतो. एवढंच बघायचं की एकदा तेल लावलेल्या दगडाला नंतर पाणी धरत नाही. दगड वापरून मध्ये खोलगट होतो; तेव्हा शहाबादी फरशीवर थोडी बारीक वाळू आणि पाणी टाकून त्यावर दगडच घासायचा, गोल गोल, पुन्हा सपाट होईपर्यंत. दगड घ्यायचा नसेल तर रंगाऱ्यांचा वॉटर पेपर ४०० आणि १००० नंबरचा आणून काचेच्या तुकड्यावर ओला चिकटवला तरी चालतं. खर्च चहा-बिस्किटाचा.

सगळे कोनापाशी अडतात. अंश, कोनमापक, व्हिडिओ. सोपं आहे. दोन सेंटीमीटर रुंद पातं दगडावर आडवं ठेवलं आणि पाठ साधारण पाच मिलिमीटर उचलली की १५ अंश होतात. सात मिलिमीटरला २० अंश. हल्लीचं रुपयाचं नाणं दीड मिलिमीटरच्या आतबाहेर जाड असतं. तीन-चार नाणी एकावर एक ठेवून पाठ त्यावर टेकवायची, ती उंची मनगटाला कळू द्यायची, नाणी काढायची आणि त्याच उंचीवर हात चालवायचा. कड काळ्या मार्करने रंगवून घ्यावी. चार हात मारून बघावं. शाई फक्त वरच्या बाजूने गेली असेल तर पाठ खाली पडली, अगदी टोकाचीच गेली असेल तर जास्त उचलली. सगळीकडून सारखी जात असेल तर काहीही न बदलता चालू ठेवावं. हा मार्कर म्हणजे गुरू आहे, आणि त्याला गुरुदक्षिणा वीस रुपये.

एका बाजूने घासत राहिलं की दुसऱ्या बाजूला कडेवर एक अतिबारीक ओठ उलटतो. वर्कशॉपमध्ये त्याला बर म्हणतात. तो दिसत नाही, लागतो. अंगठा पाठीकडून धारेच्या दिशेने आडवा सरकवून बघायचा, कडेच्या लांबीवरून कधीच नाही. बर पूर्ण लांबीभर, मुठीपासून टोकापर्यंत लागली की त्या बाजूचं काम संपलं. जिथे लागत नाही तिथे दगड अजून कडेपर्यंत पोचलेलाच नाही, मग तुम्ही कितीही वेळ घासलेलं असो. बहुतेकांची धार इथेच फसते: बर यायच्या आधी ते बाजू बदलतात, पुन्हा बदलतात, अर्धा तास घासतात आणि दगडाला नावं ठेवतात.

मग दुसरी बाजू, तिचीही बर. मग बारीक दगडावर तेच, हात हलका करत करत. शेवटी एक हात या बाजूने, एक त्या बाजूने, जवळजवळ चाकूच्याच वजनाने. राहिलेली बर जुन्या कमरपट्ट्याच्या आतल्या, खरखरीत बाजूवर पाठीकडे ओढून काढायची. पट्टा नसेल तर दगडावर वर्तमानपत्र गुंडाळून. चिनी मातीच्या कपाच्या बुडाला जी न चकाकणारी कड असते तिच्यावरही शेवटचे दोन हात छान बसतात. आपल्याकडच्या आया हे कुणी न शिकवताच करायच्या.

परीक्षा म्हणून लोक हातावरचे केस कापतात. माझ्या डाव्या मनगटावर त्यामुळे कायम एक टक्कल असतं. पण टोमॅटो जास्त खरं बोलतो. चाकू नुसता टेकवून ओढला आणि साल फाटली नाही तर बर राहिली आहे. कोथिंबीरही सांगते, बोथट पात्याने चिरलेली लवकर काळी पडते. कांद्याचं तर कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२५ मध्ये कॅमेरे लावून पाहिलं: बोथट पात्याखाली कांद्याची साल आधी दबते, मग फुटते आणि रसाचे तुषार जास्त आणि जोरात उडतात. डोळ्यांना पाणी येतं ते थोडं कांद्याचं आणि थोडं सुरीचं असतं.

एवढं झाल्यावरही गाजर टक करत असेल तर जाडी. मग भरड बाजू, पाठ जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर वर, आणि धारेमागचा जो खांदा आहे तोच घासायचा, धारेला न लागता. हे कंटाळवाणं काम आहे. कसोटी सामन्याचं एक सत्र त्यात जातं. भारत फलंदाजी करत असेल तर जास्तच. पात्यावर ओरखडे येतात, कंपनीचा ठसा पुसट होतो, चाकू कुरूप दिसायला लागतो. पण दीडशे रुपयांच्या चाकूवर ओरखडे पडायची भीती नसते, आणि महागाच्या चाकूवर हे करायला हात धजत नाही. माझा सर्वांत चांगला कापणारा चाकू दिसायला भंगारातला आहे.

धारवाल्याचं काय, असं लोक विचारतात. सायकल स्टँडवर लावून, मागच्या चाकाचा पट्टा दगडाला जोडून पायडल मारणारा धारवाला अजून आमच्या गल्लीत येतो. विळी आणि कात्री मी त्याच्याकडेच देतो. कात्रीची दोन पाती एकमेकांवर बसवणं ही त्याची विद्या आहे, माझी नाही. पण पातळ चाकू कोरड्या फिरत्या दगडावर देत नाही. पोलादाला एक तापमान सोसतं. त्यापुढे गेलं की रंग बदलतो, आधी गवती पिवळा, मग तीनशे अंशांच्या जवळ निळा, आणि निळा दिसला की तिथलं पाणी उतरलं. पातळ टोक एवढं तापायला क्षण पुरतो. मोटारीच्या चाकावर तर बघायलाच नको. आणि ते इंग्रजी व्हीच्या आकाराचं, चाकू मध्ये घालून ओढायचं खेळणं: त्याने धार लागत नाही, धातू खरवडला जातो. दोन वर्षांत पात्याला पोटाकडून खळगा पडतो. ते घरात असेल तर पत्र्याच्या डब्यात टाकून डबा हरवावा.

भाच्याने परवा फोन केला. "मामा, पहिला चाकू घ्यायचाय, कुठला घेऊ? बजेट पाचशे."

मी सगळं सांगितलं. साधा, दोन रिबिटांचा, पात्याला भोकं नसलेला घे. उघडून पातं डावी-उजवीकडे हलवून बघ, खिळखिळतंय का. मिटल्यावर मध्ये बसतंय का. पाठीकडून धारेकडे बोटांच्या चिमटीत धरून सरकव, कडेपाशी चिमूट जवळजवळ मिटली पाहिजे. उरलेल्या पैशात दगड. आणि एक मार्कर.

त्याने काळा, भोकांचा मागवला. दगड मात्र आणला. आता दर रविवारी त्याचा फोन येतो.

"मामा, बर येत नाहीये."

"कोन किती ठेवतोस?"

"अंदाजे."

"मार्कर आणलास?"

"मार्कर कशाला, दिसतंय की मला."

"भरड बाजूवर घासतोयस ना?"

पलीकडे जरा वेळ शांतता. मग दगड उलटा केल्याचा आवाज आला, आणि "हां, आता लागतेय," असं म्हणून त्याने फोन ठेवून दिला.